मेथी घातलेले अकरा टोप

अद्वैत आणि सई,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर अद्वैतने मला तीन फोटो दाखवले. शाळेच्या कार्यक्रमासाठी त्याला सैनिकाचा टोप करायचा आहे. तो कागदाचा करावा, फोमचा करावा, की वाचनालयातल्या त्या यंत्रावर थरावर थर देऊन छापून घ्यावा, असा त्याचा प्रश्न होता. मी "विचार करून लिहून कळवते" म्हणाले, तेव्हा तुम्ही दोघंही हसलात. आजी टोपावर काय लिहिणार, असं तुम्हाला वाटलं असेल. पण जवळजवळ हाच प्रश्न मी दहावीत असताना आमच्या घरात तीन आठवडे चालू होता, आणि आमच्या घरातलं एक माणूस आमच्याकडे राहणार की जाणार, हे त्याच्या उत्तरावर ठरायचं होतं. ही हकिगत मी कधी लिहिली नाही. तेव्हा टोप घालून नाटकात उभ्या राहिलेल्या मुलींपैकी माझं बोलणं होतं अशी आता एकटी वासंतीच, आणि ती दर वेळी गोष्ट वेगळी सांगते. म्हणून आत्ताच लिहून ठेवते. इंग्रजी मी आयुष्यभर शिकवलं, पण गोदाआत्याचं बोलणं मला इंग्रजीत ऐकूच येत नाही, त्यामुळे मराठीत लिहिते आहे. अडलं तर आईकडून वाचून घ्या.

आम्ही तेव्हा मानवतला राहत होतो. कापसाच्या बाजारामागच्या गल्लीत तीन खोल्यांचं भाड्याचं घर, पुढे ओटा, मागे न्हाणी आणि तुळशीशेजारी दगडी उखळ. दिवाळी झाली की गल्लीतून कापसाच्या गाड्या सुरू व्हायच्या आणि संक्रांतीपर्यंत घरात सगळीकडे कापसाचे तंतू उडत राहायचे. चादरीवर, देवांवर, अण्णांच्या चष्म्यावर, विरजण लावलेल्या दह्यावरसुद्धा. आई दिवसातून चार वेळा केर काढायची आणि चारही वेळा म्हणायची, "हे काही केर काढणं नाही, नुसती कापसाची जागा बदलायची." सकाळी जिनिंगच्या कारखान्याचा भोंगा वाजला की चुलीवर पहिली भाकरी पडायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, मुलींच्या हायस्कुलात इंग्रजी आणि इतिहास शिकवायचे. त्याच शाळेत मी होते. संध्याकाळी ते रेडिओवर इंग्रजी बातम्या लावायचे आणि जेवायला बसताना त्यातले तीन शब्द अर्थासकट सांगितल्याशिवाय पानात भाजलेल्या पिठाच्या येसरची आमटी पडायची नाही. मला येसर इतकं आवडायचं की माझं इंग्रजी त्यामुळेच चांगलं झालं, असं मी पुढे माझ्या विद्यार्थिनींना सांगायची. त्यांना ते खोटं वाटायचं.

गोदाआत्या ही अण्णांची मोठी बहीण. सोनपेठकडच्या एका खेड्यात तिला दिलं होतं. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी नवरा गेला. पुढे माझ्या जन्माच्या वेळी आईच्या मदतीला म्हणून आली ती आमच्याकडेच राहिली. घरात तिची स्वतःची अशी वस्तू म्हणजे एक पत्र्याची पेटी. ती चौथीपर्यंत शिकली होती, पण उर्दूतून, कारण तिच्या लहानपणी इकडच्या शाळा तशाच होत्या. त्यामुळे वाण्याकडच्या सामानाची यादी ती उजवीकडून डावीकडे लिहायची. आमचा वाणीही त्याच काळातला होता, तो ती यादी घडाघडा वाचायचा. नवा नोकर असला की मात्र आत्याला स्वतः जावं लागायचं. तिचा आवाज बारीक होता, पण हात अजिबात बारीक नव्हते. दर उन्हाळ्यात ती कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करायची. अण्णांच्या जुन्या उत्तरपत्रिका घंगाळात चार दिवस भिजवायच्या, भिजवलेली मेथी त्यात घालायची, उखळात मुसळाने कुटून लोण्यासारखं करायचं आणि पालथ्या भांड्यावर ओलं फडकं पसरून वर थापायचं. मेथीने लगदा चिकट होतो, वाळला की कडक होतो आणि त्याला कीड लागत नाही. शाईमुळे आमच्या टोपल्या किंचित निळसर व्हायच्या. माझी सहामाहीची गणिताची उत्तरपत्रिका अशीच एका टोपलीत गेली आणि पुढे कित्येक वर्षं आम्ही तीत लसूण ठेवला.

त्या हिवाळ्यात सोनपेठहून पत्र आलं. आत्याचे दीर, ज्यांना आम्ही सोनपेठचे काका म्हणायचो, त्यांनी लिहिलं होतं की आपल्या आई, म्हणजे आत्याच्या सासूबाई, अंथरुणाला खिळल्या आहेत, घरात बघायला कुणी नाही, तरी वहिनींना कायमचं इकडे पाठवावं. अण्णांनी पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. "शेवटी तिचं घर ते आहे," असं ते आईला म्हणाले. काका वाईट नव्हते आणि मागणीही वावगी नव्हती, त्यामुळे कुणालाच नाही म्हणता येईना. शाळेचं स्नेहसंमेलन झालं की काका येऊन तिला घेऊन जाणार, असं उलट टपाली ठरलं. दुसऱ्या दिवशी आत्या ओट्यावर शेंगदाणे पाखडत बसली होती, तेव्हा मी तिला विचारलं, "आत्या, तुला जायचंय का गं?"

तिने सूप थांबवलं नाही. "मला कुणी इचारलंय का?"

"मी विचारतेय की."

"तू दहावीतली पोरगी. तुझ्या इचारण्यानं काय व्हायलंय?" मग टरफलं फुंकून म्हणाली, "तिकडं माणसं चांगली हायत. पण तिकडं मी फक्त कुणाचीतरी वैनी. मला गोदा म्हणणारं तिकडं कुणी राहिलं नाई."

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि मला सगळ्या गोष्टी यादी करून सोडवता येतात असं वाटायचं. (तुमची आई म्हणेल, अजूनही वाटतं.) मी वहीत लिहिलं: आत्या राहायला हवी, राहायला कारण हवं. कारण आठवड्याभरात आपोआप चालून आलं. शाळेतल्या शिवण आणि हस्तकलेच्या बाई लग्न होऊन नांदेडला गेल्या, आणि तासापुरतं शिकवायला कुणीतरी हवं म्हणून मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, चौकशी करत होत्या. अण्णांनी जेवताना हे सांगितलं आणि मी घास तोंडात असतानाच म्हणाले, "आत्या!"

अण्णा हसले. "अगं, चौथी पास. तीही उर्दूत."

"टोपल्या काय उर्दूत थापायच्या असतात?" आई म्हणाली. आई क्वचित बोलायची, पण बोलली की अण्णांचं जेवण थांबायचं.

अण्णांनी मोठ्या बाईंना विचारलं. बाई कडक, पण न्यायी होत्या. संमेलनात अण्णांनीच लिहिलेलं एका किल्ल्याच्या वेढ्यावरचं नाटक होतं आणि त्यात दहा सैनिक आणि एक किल्लेदार, सगळ्या मुलीच. बाई म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला या अकरा जणींची शिरस्त्राणं करून दाखवू द्या. काम बघून सांगते." पण त्यांच्या मनात खरं म्हणजे छापील टोप होते. हैदराबादच्या एका दुकानातून छापील पुठ्ठ्याचे टोप पार्सलने मिळायचे, सपाट यायचे, दुमडून चिकटवले की झाले. परभणीच्या एका शाळेने तेच वापरले होते आणि सगळ्या मुली अगदी एकसारख्या दिसल्या होत्या, हे बाईंच्या मनात बसलं होतं. अण्णांना नव्या वस्तूंची हौस. ते म्हणाले, फोम वापरू. परभणीला ट्रॅक्टरच्या आणि जीपच्या गाद्या करणाऱ्या एकाकडे त्यांनी तो पाहिला होता. "हलका, मऊ, हवा तसा कापता येतो, पुढचा काळ त्याचाच आहे." आणि आत्या म्हणाली, "कागद हाय की घरात." शेवटी बाईंनी ठरवलं की तिन्हींचा एकेक नमुना करून शनिवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये आणावा.

तो शनिवार मला आज सकाळी काय खाल्लं यापेक्षा जास्त स्पष्ट आठवतो. सैनिकांत मी होतेच, शिवाय कपडेपटही माझ्याकडे होता, त्यामुळे वही-पेन्सिल घेऊन मी स्टेजच्या पायरीवर बसले होते. आत्या दाराबाहेर चपलांपाशी उभी होती. आत ये म्हटलं तर "इथून दिसायलंय मला," म्हणाली. नमुने वासंतीच्या डोक्यावर घालायचे होते, कारण ती किल्लेदार होती आणि तिचे केस सगळ्या शाळेत दाट. त्या वेळी आम्ही सगळ्याच तेल लावून दोन वेण्या घालायचो, आणि पुरुषाचं काम करायचं तर त्या वेण्या वर घेऊन डोक्याभोवती गुंडाळून आकडे लावायचे. छापील टोप आधी घातला. समोरून तो देखणा होता, सोनेरी वेलबुट्टी, मधोमध सिंहाचं तोंड. पण तो मुलांच्या डोक्यासाठी केलेला. वासंतीने मान वळवली आणि मागची पुठ्ठ्याची जीभ टक्कन निसटली. पुन्हा लावली, पुन्हा निसटली. आतल्या बाजूला कुठल्याशा साबणाची जाहिरात होती, ती प्रेक्षकांना दिसायला लागली. तिने तो काढला तेव्हा तेल आणि घामाने सोनेरी वेलबुट्टी तिच्या कपाळावर उतरली होती. "बाई, मला सिंह आला," ती म्हणाली. मोठ्या बाई हसल्या नाहीत.

फोमचा टोप अण्णांनी स्वतः कापून सोल्युशनने चिकटवला होता आणि त्याचा वास पहिल्या रांगेपर्यंत येत होता. तो वेण्यांवरून छान बसला. वासंती म्हणाली, उशी घातल्यासारखं वाटतं. रंग मात्र त्याने सगळा पिऊन टाकला होता, त्यामुळे लोखंडाऐवजी तो खारकेसारखा दिसत होता. मग लढाईचा प्रसंग करून पाहिला. एका सैनिकाने लाकडी तलवार वासंतीच्या डोक्यावर मारली. आवाज आलाच नाही. तलवार आत गेली, मोठा खड्डा पडला आणि तो खड्डा सगळ्यांच्या देखत हळूहळू, सावकाश वर आला. किल्लेदाराने "घात झाला!" असं म्हणून कोसळायचं होतं. कोसळल्या त्या खाली बसलेल्या मुली, हसून हसून. अण्णा चष्मा पुसत म्हणाले, "पुढचा काळ त्याचाच आहे, पण हे नाटक मागच्या काळातलं आहे." त्यांचं हे मला फार आवडायचं, हरले की ते स्वतःच सांगायचे.

शेवटी आत्याचा टोप. कपाळावर टोक, कानांवर दोन पाख्या, वरून चिंचोक्याची खळ आणि त्यावर चंदेरी रंग. आत्याने वासंतीला आदल्या रविवारी घरी बोलावून, वेण्या गुंडाळायला लावून, त्यावरून दोरीने माप घेतलं होतं. टोप डोक्यावर गेला आणि बसला. तलवार पडली आणि हॉलमध्ये ठक् असा आवाज आला. मोठ्या बाई स्टेजवर चढल्या, वासंतीच्या डोक्यावर बोटांच्या पेरांनी वाजवून पाहिलं आणि विचारलं, "कशाचा आहे हा?"

"उत्तरपत्रिकांचा," मी म्हणाले.

"अरे वा. म्हणजे शेवटी काहीतरी टिकाऊ निघालं त्यांतून." मग दाराकडे बघून म्हणाल्या, "अकरा करा. पंधरा दिवस आहेत."

ते पंधरा दिवस आमच्या गल्लीने सहन केले, असंच म्हणायला हवं. अकरा डोकी अकरा मापांची, आणि प्रत्येक मापाचं गोल बुडाचं भांडं हवं. मी दोरीचे तुकडे आणि वही घेऊन घरोघर फिरले. वासंतीचं डोकं म्हणजे समोरच्या काकूंची पाण्याची तपेली, माझं म्हणजे आमचंच वरणाचं पातेलं, शेवटच्या सैनिकाचं इतकं लहान की वाण्याच्या घरचा दुधाचा लोटा लागला. भांडी पंधरा दिवस आमच्या मागच्या अंगणात पालथी पडून होती आणि समोरच्या काकू रोज सकाळी ओट्याशी येऊन विचारायच्या, "गोदाबाई, माझी तपेली लढाईवरून कधी यायलीय?" घरात मुसळाचा आवाज थांबत नव्हता. स्वयंपाकाला वेळ नाही म्हणून आई फोडणीच्या मुरमुऱ्यांचा सुशीला करायची, तोच खाऊन आम्ही शाळेत जायचो आणि आल्यावर पुन्हा कुटायला बसायचो. कागद, खळ आणि मेथी यांचा वास आमच्या केसांना लागला होता. नमुन्याचा टोप तालमीत दोनच दिवसांत तडकला होता, म्हणून या वेळी टोपल्यांना लागते त्याच्या दुप्पट मेथी आत्याने घातली. "टोपल्यायला काही तलवारी बसत न्हाईत," ती म्हणाली. ती एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. कुटता कुटता ती मला मध्येच थांबवून विचारायची, "वर्गात पोरी किती असत्यात गं? ऐकत्यात का?" आणि मग स्वतःच, "ऐकतील. हाताला काम असलं की ऐकत्यात."

संमेलनाला दोन दिवस राहिले, तेव्हा अकराही टोप भांड्यांवरून सुटले होते, दगडाने घासून गुळगुळीत झाले होते आणि खळीचा शेवटचा हात देऊन ओट्यासमोर बाजेवर उन्हात मांडले होते. फक्त रंग राहिला होता. त्या दिवशी दुपारच्या एसटीने सोनपेठचे काका आले. ठरल्यापेक्षा लवकर, म्हणाले, नाटकही बघू. आत्या त्यांच्यासाठी चहा ठेवायला आत गेली आणि जाताना मला म्हणाली, "बाजेपाशी बस. हलू नको." मी बसले. पण आतून काकांचा आवाज येत होता, "नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघावं म्हणतो," आणि त्यावर अण्णा काय बोलतात ते मला ऐकायचंच होतं. मी उठून दाराच्या आत उभी राहिले. अण्णा म्हणाले, "परवापर्यंत थांबू. शाळेचं काय होतंय ते बघू." पाच मिनिटं असतील. फार तर सात.

गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या सखूबाईची शेरडं, म्हणजे शेळ्या, रोज त्याच वेळी माळावरून गल्लीतून परत जायची. पंधरा दिवस ती आमच्या घरासमोरून मान वर करून, हुंगत जात होती, आणि आम्हाला कुणालाही त्याचा अर्थ कळला नव्हता. मेथी आणि चिंचोक्याची खळ. आम्ही त्यांचं जेवण उन्हात मांडून ठेवलं होतं. मी बाहेर आले तेव्हा बाजेभोवती दहा-बारा शेळ्या शांतपणे, घाई न करता, खात होत्या. एकीच्या तोंडात कानावरची पाखी होती आणि ती पानासारखी आत जात होती. मी ओरडले. सखूबाई मागून काठी घेऊन धावत आली आणि टोपांकडे बघितलंही नाही.

"अगं बया! रंग लावलता का गं त्याला? काय गेलं माझ्या शेरडायच्या पोटात?"

आत्या चहाचा कप तसाच हातात घेऊन बाहेर आली होती. "रंग नाई लावला अजून. कागद हाय आन् मेथी."

"मेथी? मंग काय न्हाई," सखूबाई निवांत झाली. "मेथी गुणाची हाय. दुधाला चांगली." आणि शेळ्या हाकत निघून गेली.

काका दारात उभे होते. "वैनी," ते म्हणाले, "पंधरा दिवस हेच करायलात व्हय? शेरडायला चारा?" त्यांना टोचून बोलायचं नव्हतं, त्यांना खरोखरच ते तसं दिसलं. आत्याने चहाचा कप तसाच ओट्यावर ठेवून दिला.

दोन टोप धड होते. आठांची टोकं आणि पाख्या खाल्लेल्या, आणि किल्लेदाराचा तर निम्मा गेलेला, नुसती वाटी राहिली होती. थंडीत लगदा वाळायला चार दिवस लागतात. अण्णा म्हणाले, मी बाईंना जाऊन सांगतो, त्यांनी अडीअडचणीला म्हणून छापील टोपांचं पार्सल मागवून ठेवलंच आहे. ते बरोबर बोलत होते आणि त्यांनी कुणाला दोषही दिला नाही, त्यामुळे मला आणखी रडू आलं. मी आत्याला म्हणाले, "माझ्यामुळं झालं. मी उठले." ती बाजेवर बसली, एक खाल्लेला टोप गुडघ्यावर घेतला आणि त्याची कड बोटाने चाचपत फिरवत राहिली. शेळीला वरचे दात पुढे नसतात, ती चावत नाही, ओढून तोडते, त्यामुळे कड कापल्यासारखी नव्हती, फाटल्यासारखी होती, वेडीवाकडी आणि धागे निघालेली.

"नाटकात लढाई कितव्या दिवसाची हाय?" तिने अचानक विचारलं.

"वेढ्याच्या चाळिसाव्या," मी नाक पुसत म्हणाले.

"मंग चाळीस दिवस लढलेल्यायचे टोप कोरे कशे राहतील?" ती उठली. "अण्णा, बाईकडं जाऊ नका. चुलीतली काजळी काढून द्या मला."

उरलेला दिवस आणि दुसरा पूर्ण दिवस आम्ही तेच केलं. तिने फाटलेल्या कडा खळीने आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी आवळल्या, पण सरळ केल्या नाहीत. वर चंदेरी रंग, कडांना काजळी, कुठे कुठे गंजासारखी लाल काव. दोन धड टोप उरले होते, ते आता नवे नवे आणि खोटे वाटायला लागले, म्हणून आईने त्यांना उलथन्याने दोन-दोन ठोके दिले. किल्लेदाराच्या उरलेल्या वाटीखाली आत्याने कपाळाला रक्ताळलेली पट्टी बांधायची ठरवली. काका आधी नुसते बघत होते. मग त्यांनी बाही वर केली आणि रंगाचा डबा धरून उभे राहिले. मी आत्याला चार वेळा बजावलं, "बाईंनी विचारलं तर मुद्दाम केलंय म्हणायचं. वार दाखवायला मुद्दाम." ती "बरं" म्हणाली.

मुलींची शाळा, म्हणून संमेलन दुपारी चारला. नाटक कसं झालं ते मी सांगू शकत नाही, कारण मी सैनिक क्रमांक सहा होते आणि मला फक्त माझ्या टोपाच्या आतला काळोख आणि कानाजवळच्या भोकातून येणारा वारा आठवतो. एवढं आठवतं, की पडदा वर गेला आणि आम्ही अकरा जणी तटावर उभ्या दिसलो, तेव्हा समोर कुजबुज थांबली. वासंती पट्टी बांधून पडली तेव्हा मागच्या बाकावर कुणाची तरी आजी रडत होती.

नंतर मोठ्या बाई कपडेपटाच्या खोलीत आल्या. अण्णा होते, काका दारात होते, आत्या टोप एकात एक रचत होती. बाईंनी एक उचलला. "हे वार कसे काढलेत हो? प्रत्येक वेगळा. कानसेनं?"

मी पुढे झाले. "बाई, आम्ही मुद्दाम—"

"शेळ्यांनी खाल्ले," आत्या म्हणाली.

अण्णांनी छताकडे बघितलं. बाईंनी चष्मा काढला. आणि आत्याने सगळं सांगितलं, त्याच बारीक आवाजात, एकही गोष्ट न गाळता, मेथी दुप्पट घातल्यापासून सखूबाईच्या काठीपर्यंत. मी बाजेवरून उठले, एवढंच ते तिने गाळलं. "चूक माझी हाय," ती म्हणाली. "टोपल्यायत घालते तीच मेथी घातली. पण टोपल्या मी घरात वाळवत होते. हे ओट्यासमोर मांडले." मग मला राहवेना, मी म्हणाले, "राखण माझ्याकडे होती." बाई आधी ओठ दाबून उभ्या होत्या, मग त्यांना आवरेना. त्यांना असं हसताना शाळेत कुणी पाहिलं नव्हतं. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मेथीच्या जागी कडुनिंब घाला."

"कडुनिंब तर शेळ्या लय आवडीनं खात्यात, बाई."

"मग काय घालायचं?"

"मेथीच घालायची," आत्या म्हणाली. "वाळवायचं वर, माळवदावर."

बाईंनी टोप तिच्या हातात परत दिला. "हे मुलींना असंच सांगा. सोमवारपासून, मधल्या सुट्टीनंतरचे दोन तास."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याची पत्र्याची पेटी दाराशी ठेवलेली होती, दोन दिवसांपासून तिथेच होती. आई धपाटे करत होती. काका चहा पिऊन उठले, पेटीकडे बघितलं, आत्याकडे बघितलं. घड्याळात गाडीची वेळ झाली होती. आणि मग त्यांनी ते विचारलं, जे घरातल्या कुणाही मोठ्या माणसाने विचारलं नव्हतं. "वैनी, तुमी काय म्हणता? निघायचं का?"

आत्याने पदराला हात पुसले. "सोमवारी तास हाय माझा," ती म्हणाली. "उन्हाळ्याच्या सुट्टीत येते. सासूबाईला सांगा, महिनाभर राहीन."

काका मग "बरं" म्हणाले, धपाट्यांचं फडकं पिशवीत घातलं आणि एकटेच एसटीकडे गेले. आईने पेटी उचलून आतल्या खोलीत, तिच्या जागी ठेवली. जिनिंगचा भोंगा झाला आणि अण्णांनी मला विचारलं, कालचे राहिलेले तीन शब्द कुठले.

आत्या त्या शाळेत केस पांढरे होईपर्यंत शिकवत होती. सासूबाई होत्या तोवर दर मे महिन्यात सोनपेठला जाऊन राहिली, आणि काकांनी दुसऱ्या वर्षीपासून घरात एक बाई कामाला ठेवली. सातवीची परीक्षा तिने पुढे बाहेरून दिली. इंग्रजी मी शिकवलं, तिची पहिली विद्यार्थिनी मी आणि माझी पहिली विद्यार्थिनी ती. वर्गातल्या फळ्यावर तारीख ती शेवटपर्यंत उजव्या कोपऱ्यातून सुरू करायची आणि मुलींना त्याची सवय झाली होती. सखूबाईच्या घरची दोन मुलं आता परभणीच्या कृषी विद्यापीठात नोकरीला आहेत, मला बाजारात भेटतात. शाळेची इमारत नवी झाली आहे. आमच्या त्या घराच्या जागी मोबाइलचं दुकान आहे.

अकरा टोपांपैकी दहा शाळेतच वापरून वापरून संपले. अद्वैत, तू कागदाचाच कर; नमुना हवा तर एक माझ्याकडे आहे, सैनिक क्रमांक सहाचा, परभणीच्या घरी, कपाटाच्या वरच्या फळीवर. रंग बराचसा गेला आहे. डावी पाखी नाही.